ढोली

वाटणीत थोरल्यांकडे बैलजोडी गेली,
आमच्याकडे ढोली आली.
बांबूची, पोट सुटलेली, रिकामी,
एका अंगाने लिंपण पोपडे धरलेलं.
चौघांनी गल्लीतून उचलून आणली
तेव्हा आत वारा शिरून
वाटभर घुमत होती.

घरकुलाच्या दारातून ती शिरेना.
चौकट काढावी लागली.
देवानंद म्हणाला, "आता आपण बाहेर झोपू,
हिलेच करू दे संसार."

पहिल्या वर्षी टिकेश तिच्यात लपायचा.
पाटावर उभी राहून
मी कमरेपासून आत वाकायचे
तेव्हा नखांना तळ लागायचा.
एकदा फटीतून तुरीचे दोन दाणे निघाले,
वाटणी करणाऱ्यांच्या नजरेतून सुटलेले.
ते मी शिजवले नाहीत.

दुसऱ्या वर्षी भिवापूरकडे मिरची तोडायला गेले.
मजुरीची नोट न मोडता
पवनीच्या बाजारातून गव्हाचं पोतं आणलं.
घाई केली.
एकच ऊन दाखवलं आणि भरलं.
श्रावणात ढोलीला कान लावला
तर आत बारीक कुरकुर,
आमच्याआधीच कोणी जेवायला बसलेलं.
सोंडे.
तो पिठूळ गहू कोंबड्यांपुढे टाकताना
मी रडले नाही.
कोंबड्या मोजत राहिले.

मग विचारत फिरले.
ज्यांच्याशी बोलणं नव्हतं त्यांनाही विचारलं.
कडुनिंबाचा पाला सावलीत वाळवायचा.
तापलेला गहू रात्रभर निववायचा,
नाहीतर आत गेल्यावर त्याला घाम फुटतो.
मुगाला चाळलेली राख.
तुरीच्या डाळीला एरंडीचं तेल,
लेकराच्या टाळूला जिरवतात तसं, बोटांनी.
हरभऱ्याची वाळली भाजी मडक्यात,
मडक्याच्या तोंडाला टिकेशची फाटकी चड्डी बांधून.
मिठाचं मात्र अजून जमलं नाही.
पावसाळा आला की ते रडतंच.

भिंतीवर कोळशाने रेघा आहेत,
एक रेघ म्हणजे एक पायली.
पाहुणे विचारतात, पोराचा अभ्यास का?
मी हो म्हणते.

तिसऱ्या वर्षी काखेपर्यंत हात घातला की धान्य लागायचं.
चौथ्या वर्षी पाच रेघा पुसल्या,
देवानंदचा पाय मोडला होता.
सहाव्या वर्षी कोपर.
औंदा मनगट बुडलं नाही तोच
दाणे तळव्याला लागले, थंडगार,
आणि पाट लागलाच नाही.

मग नाल्याला पूर आला.
चार दिवस रपट्यावरून कोणी आलं नाही,
पाचव्या दिवशी जाऊबाई आल्या.
चौकट काढून बसवली होती ना,
तिथेच उभ्या राहिल्या.
"काहून व, तूर हाये का पायलीभर?"
विचारलं मला, बघत होत्या ढोलीकडे.
माझ्या लिंपणाखाली त्यांचं लिंपण आहे,
नव्या नवरीच्या बोटांचं.
मला ते माहीत होतं, त्यांनाही.

पायली भरली.
हाताने सपाट करायला गेले,
मग हात मागे घेतला.
शीग राहू दिली.
चार दाणे घरंगळले,
त्यांनी वाकून वेचले आणि
पायलीत नाही, माझ्या हातावर ठेवले.
जाता जाता म्हणाल्या,
"इथं उंदरं खालून पोखरते.
चुलीच्या बाजूनं सरकव तिले,
धुरानं येत नाही."

संध्याकाळी आम्ही खांदा लावला.
मी, देवानंद, शेजारचा गुणवंता,
मिसरूड फुटलेला टिकेश.
चौघंच.
ढोली तसूभर हलली नाही.
देवानंद घाम पुसत खाली बसला.
"राहू दे," म्हणाला,
"चूलच सरकवू."